दोन अवंती : एका नावाचे दोन इतिहास

'अवंती' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाचे मन मागे जाते. माळव्याचा मुलूख, क्षिप्रेचा काठ, 'मेघदूता'त उदयनाच्या कथा जाणणारे अवंतीचे ग्रामवृद्ध, भासाच्या नाटकात वासवदत्ता ज्या नावाआड लपते ते 'आवंतिका' हे नाव, अशी एक साखळीच त्या शब्दाबरोबर ओढली जाते. इटालियन भाषेत नेमक्या याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'पुढे' असा आहे. एक शब्द मागे नेणारा, दुसरा पुढे जा म्हणणारा.

या नावाच्या दोन स्पोर्ट्स कार होऊन गेल्या. पहिली अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या गावी, स्टूडबेकर कंपनीने १९६२ मध्ये लोकांपुढे आणलेली. दुसरी आपल्याकडची, दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनची, जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात अवतरलेली. दोहोंमध्ये पन्नास वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. तरीही या दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहिल्या, तर वस्तूंचा इतिहास कसा लिहावा, आणि आपण तो का लिहीत नाही, याविषयी बरेच काही हाती लागते असे आम्हास वाटते. साहित्याच्या अभ्यासकांपुढे मोटारींचा विषय मांडण्याचे धाडस त्याच भरवशावर.

आधी एक तांत्रिक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. मोटारीचा सांगाडा, म्हणजे चासी, आणि तिचे शरीर, म्हणजे बॉडी, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एस.टी.च्या प्रवाशाला हे उदाहरणाने पटकन कळेल. इंजिनासह चासी मोटार कंपन्यांकडून यायची आणि तिच्यावर बसची बॉडी महामंडळाच्या दापोडीसारख्या कार्यशाळेत बांधली जायची. कराडच्या स्थानकात उभी असलेली लाल गाडी म्हणजे एकाच्या हाडांवर दुसऱ्याने चढवलेले मांस होते. आमच्या दोन्ही अवंतींची कुळकथा याहून फार निराळी नाही.

स्टूडबेकर हे घराणे मूळचे लोहार-सुतारांचे. १८५२ मध्ये साउथ बेंडला त्यांनी घोडागाड्या आणि वॅगन बांधण्याचा धंदा मांडला. अमेरिकन यादवी युद्धात त्यांच्या वॅगनींना मोठी मागणी आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ही मंडळी मोटारींकडे वळली. १९५०च्या दशकात मात्र जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन धेंडांपुढे कंपनीची दमछाक होऊ लागली. १९६१ च्या प्रारंभी शेरवूड एग्बर्ट हे अध्यक्षपदी आले. कंपनीची मरगळ झटकणारी, तरुण गिऱ्हाइकाला खेचून आणणारी एखादी झळाळती गाडी हवी, या विचाराने त्यांनी रेमंड लोई यांना गाठले.

लोई हे मूळचे फ्रेंच, अमेरिकेत औद्योगिक आरेखनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांनी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे एक घर भाड्याने घेतले आणि टॉम केलॉग, बॉब अँड्र्यूज व जॉन एब्स्टाइन या तिघा सहकाऱ्यांना तेथे जवळजवळ कोंडूनच घातले. सुमारे चाळीस दिवसांत आराखडा आणि प्रतिकृती तयार झाली, असे सांगितले जाते. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांवर क्रोमियमच्या पट्ट्या आणि माशासारखे पर मिरवत असत. या गाडीने ते सारे टाकून दिले. पुढची जाळीसुद्धा नाही. इंजिनाला हवा मिळायची ती बंपरच्या खालून. बाटलीसारखी मध्ये आत गेलेली कंबर, पुढे झुकल्यासारखा पवित्रा, उभी असतानाही निघाल्यासारखी वाटणारी आकृती. एप्रिल १९६२ मध्ये ती न्यूयॉर्कला दाखवली गेली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, त्या वेळच्या अमेरिकन गाड्यांत ही नवलाची गोष्ट होती. ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाला सुपरचार्जर जोडून घेण्याची सोयही होती. किंमत ४,४४५ डॉलर. जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याने आपल्या नायकाला बेंटली आणि ॲस्टन मार्टिन दिल्या, स्वतःसाठी मात्र ही अवंती घेतली.

या नवलाईच्या खाली काय होते? कंपनीच्याच लार्क या साध्या गाडीचा दुरुस्त केलेला सांगाडा आणि आधीपासून वापरात असलेले इंजिन. नवी चासी घडवण्याइतका पैसा नव्हता आणि वेळही नव्हता. बॉडी पोलादी पत्र्याची न करता फायबरग्लासची केली गेली, त्यामागेही हेच कारण. पत्र्याला आकार देण्यासाठी लागणारे पोलादी साचे अतिशय महाग असतात, आणि तो खर्च हजारो, किंबहुना लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. फायबरग्लासचा साचा स्वस्त, पण प्रत्येक नगामागे हाताचे काम अधिक आणि तुकडे एकमेकांशी नीट जुळण्याची खात्री कमी. पहिल्या बॉड्या ओहायोतील ज्या कंपनीकडून करून घेतल्या, त्यांचे भाग जुळेनात. दुरुस्त्यांत महिने गेले. १९६२ मध्ये वीस हजार गाड्या विकण्याचा मनसुबा होता, प्रत्यक्षात सुमारे बाराशेच बांधून झाल्या. आगाऊ नोंदणी केलेली गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि अवंतीही थांबली. एकूण बांधल्या गेल्या त्या ४,६४३.

आता आपल्या अवंतीकडे वळू. स्वातंत्र्यानंतरची चार दशके आपल्याकडे गाडी काढणे ही सरकारी परवान्याची बाब होती. कोणी, कोणती, किती गाड्या काढायच्या हे दिल्लीत ठरे. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींना परवानामुक्ती मिळाली आणि त्याच साली मुंबईत डीसी डिझाइन उभी राहिली. या दोन घटना एकाच साली घडाव्यात हे बोलके आहे. छाब्रिया यांचे शिक्षण कॅलिफोर्नियातील आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये झाले, म्हणजे टॉम केलॉग जेथून बाहेर पडले त्याच संस्थेत. बाजारात मिळणारी गाडी घेऊन तिचे रूप पार बदलून देणे हा डीसीचा मूळ व्यवसाय. २००४ च्या 'टार्झन : द वंडर कार' या हिंदी चित्रपटातली गाडी त्यांचीच, आणि ती टोयोटाच्या एका छोट्या स्पोर्ट्स कारवर बेतलेली. त्याआधी, २००३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ॲस्टन मार्टिनने मांडलेली एक संकल्पना-गाडीही डीसीने घडवली होती. दुसऱ्यांच्या सांगाड्यांना शरीरे देण्यात हयात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या नावाची गाडी काढायची ठरवली, ती ही अवंती.

तिचे इंजिन रेनोचे, दोन लिटरचे, टर्बो जोडलेले, सुमारे २५० अश्वशक्तीचे. ते चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले. म्हणजे रचना फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या वळणाची, पण जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर, कारण आपले रस्ते आणि आपले गतिरोधक. इथे पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कॉम्पोझिटची बॉडी. पत्र्याचे साचे याही कंपनीला परवडणारे नव्हते. प्रदर्शनानंतर प्रत्यक्ष गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागायला तीन-चार वर्षे गेली. संख्याही हजाराच्या जवळपास फिरकली नाही.

दोन्ही कथांचा सांगाडाही असा एकच निघतो. नवे रूप, उसना किंवा जुना अंतर्भाग, स्वस्त साच्यांची सक्ती, जुळणीची कटकट, उशीर आणि अखेर थोडक्या प्रती. हे साम्य अपघाती नाही. मोठ्या कारखानदारीच्या जगात छोट्या भांडवलाने सुंदर वस्तू काढायला निघालेल्या कोणाचीही वाट जवळजवळ हीच असते. लघुनियतकालिकांच्या चळवळीचा इतिहास वाचलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. सायक्लोस्टाइलवर काढलेल्या अंकांची पानेही नीट जुळत नसत, आणि आज त्याच अंकांसाठी संग्राहक धडपडतात.

यातून पहिला प्रश्न उद्भवतो तो कर्तृत्वाचा. स्टूडबेकर अवंतीवर नाव लोई यांचे आहे. रेषा प्रत्यक्ष कोणी ओढल्या, मातीची प्रतिकृती कोणाच्या बोटांनी वळवली, यात केलॉग, अँड्र्यूज आणि एब्स्टाइन यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांनी पुढे पुष्कळ खल केला आणि आज या तिघांची नावे लोई यांच्या नावासोबत घेतली जातात. हे शक्य झाले, कारण कागद टिकले, छायाचित्रे टिकली, माणसे हयात असताना त्यांना विचारणारे लोक होते. आमच्या अवंतीवर तर कर्त्याची आद्याक्षरेच कोरलेली आहेत. तिची प्रतिकृती कोणी घडवली, साच्यात कापड आणि राळ कोणी बसवली, दरवाजांच्या फटी कोणी घासून जुळवल्या, याची यादी कोणाकडे आहे? ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो, याचा आपण अभिमानाने दाखला देतो. हा शिष्टाचार आपण कारखान्याच्या दारात सोडून येतो.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. जुन्या गाड्यांच्या जगात 'अस्सल' या शब्दाला फार काटेकोर अर्थ आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदवहीतला क्रमांक हे तिन्ही जुळले, तर गाडी खरी. एखादा जरी फसला, तरी किंमत धाडकन उतरते. हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणाऱ्या अभ्यासकाचीच ही रीत आहे. तो पुष्पिका पाहतो, संग्राहक क्रमांकाची पट्टी पाहतो. भारतातही २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अशी वेगळी नोंदणी-मालिका आली, आणि तिच्यासाठीची अट हीच, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

या पार्श्वभूमीवर आपल्या अवंतीच्या कथेतले एक प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच चासी आणि इंजिन क्रमांकाच्या गाड्यांची एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी झाली आणि त्यांवर कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. न्यायनिवाड्याचे काम न्यायालयाचे आहे, निबंधकाराचे नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एवढे नोंदवावे लागते की, ज्या क्रमांकावर गाडीची ओळख आणि तिचे पुढचे मोल उभे असते, त्याच क्रमांकाभोवती शंका उभी राहिली. अमेरिकन अवंतीच्या उत्तरायुष्यातही असे एक प्रकरण आहे. २००६ च्या डिसेंबरात तिच्या तत्कालीन मालकाला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. दोन प्रकरणांची तुलना येथेच थांबवलेली बरी. त्यांचे स्वरूपही निराळे आणि कायदेशीर स्थितीही निराळी.

'उत्तरायुष्य' असा शब्द आम्ही वापरला, आणि दोन्ही गाड्यांतला खरा फरक इथेच आहे. स्टूडबेकरने हात वर केले तेव्हा साउथ बेंडमधलेच दोन विक्रेते, नेट ऑल्टमन आणि लिओ न्यूमन, पुढे झाले. त्यांनी अवंतीचे हक्क आणि साचे विकत घेतले, कारखान्याच्या आवारातली जागा घेतली आणि १९६५ पासून 'अवंती २' या नावाने ती गाडी हाताने, थोडी थोडी, बांधायला सुरुवात केली. इंजिन आता शेव्हरोलेचे. पुढे मालक बदलले, गावे बदलली, मध्ये खंड पडले, पण २००७ पर्यंत कोणी ना कोणी या गाडीची नवी आवृत्ती काढतच राहिले. ज्या कंपनीने ती जन्माला घातली तिने दीड-दोन वर्षे बांधली, ज्यांचा तिच्या जन्माशी संबंध नव्हता त्यांनी चार दशके जगवली. साउथ बेंडला स्टूडबेकरचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्यात कंपनीचे दप्तर जपलेले आहे. अवंतीच्या मालकांची संघटना आहे, तिचे नियतकालिक आहे, सुटे भाग मिळतात. लिलावात तिला आभाळाची किंमत येत नाही. १९६२ सालीच जन्मलेल्या फेरारी २५० जीटीओच्या केवळ ३६ गाड्या बांधल्या गेल्या आणि त्यांतली एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. अवंती त्या पंक्तीत कधीच बसणार नाही. फेरारीने गाड्या मोजक्या काढल्या त्या शर्यतीसाठी, ठरवून. स्टूडबेकरकडून मोजक्या झाल्या, कारण जास्त बांधता आल्या नाहीत. तरीही ती जपली गेली, ती किमतीसाठी कमी आणि गावाच्या आठवणीसाठी अधिक, असे म्हणणे वावगे होणार नाही.

आपल्याकडे काय आहे? आम्ही हे कराडात बसून लिहितो आहोत, आणि हा प्रश्न आम्हास पुण्या-मुंबईपेक्षा इथे अधिक टोचतो. शेजारच्या ओगलेवाडीतून निघालेल्या प्रभाकर कंदिलाने एकेकाळी महाराष्ट्रातली कितीतरी घरे उजळली. पुढे इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या सुमारापर्यंत 'मीरा' नावाची छोटी मोटार पुन्हा पुन्हा नव्याने घडवली. ती कारखान्यातून मोठ्या संख्येने कधीच बाहेर पडली नाही. स्वबळावर मोटार घडवू पाहणारा माणूस आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात डीसीच्या कितीतरी आधी होऊन गेला, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? गाडी हरली याचे दुःख एका परीचे. हरलेल्या गाडीची गोष्ट नीट लिहून ठेवणारा कोणी नसावा, हे दुःख त्याहून मोठे.

आणि तरी याच भागात याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना काढला. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या त्या कारखान्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक सुरू केले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्या पत्रकाचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आले, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना पान मिळाले. लोखंडाचा धंदा करणाऱ्यांनी स्वतःची हकीकत मराठीत छापली, म्हणून किर्लोस्करवाडी आपल्याला केवळ रेल्वेचे स्थानक म्हणून आठवत नाही. साउथ बेंडच्या संग्रहालयाने जे काम दप्तर जपून केले, ते काम आपल्याकडे काही काळ एका मासिकाने केले होते. पण त्या मासिकांचा वारसा आपण कथा, कविता आणि स्त्रीप्रश्न एवढ्याच खान्यांत घातला. यंत्राविषयी चांगल्या मराठीत लिहिण्याची जी वाट त्यांनी पाडली, तिच्यावर गवत वाढले.

म्हणून आमच्या मते या दोन अवंतींमधला निवाडा कोणती अधिक वेगवान वा अधिक देखणी यावर होऊ नये. देखणेपणाचेच म्हणाल, तर पहिली आजही जुनी वाटत नाही, आणि दुसरीत विलायती गाड्यांचे पडसाद पुष्कळ आहेत, हे आमचे मत आम्ही लपवत नाही. लोई यांचे एक प्रसिद्ध सूत्र होते की, लोक पचवू शकतील इतपतच, पण त्या मर्यादेच्या अगदी टोकापर्यंत, नवे द्यावे. पहिल्या अवंतीने ते टोक गाठले. दुसरीने आपल्या रस्त्यावर दुसऱ्यांच्या स्वप्नाला जागा करून दिली, आणि त्यासाठी जमिनीपासून १७० मिलिमीटर वर उचलले. या तडजोडीलाही आम्ही कमी लेखत नाही. अनुवादालाही अशीच उंची द्यावी लागते.

निवाडा व्हायला हवा तो नंतरच्या वर्षांवर. २०१५ च्या आसपास रस्त्यावर आलेल्या अवंतीला २०६५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतील आणि आजचा नियम तोवर टिकला, तर ती कायद्याने जुनी, जतन करण्याजोगी ठरेल. तेव्हा कोणी संग्राहक तिच्या क्रमांकाची पट्टी पुसून पाहील आणि विचारील, ही कोणी घडवली, कुठे, कशी, किती? त्याला उत्तर देणारे दप्तर असेल का, हे आज जे कामगार, आरेखक आणि मालक हयात आहेत त्यांना आपण काही विचारतो की नाही, यावर अवलंबून आहे. पुण्याकडून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दोहों बाजूंना महाविद्यालये आहेत, त्यांत मराठीचे विभाग आहेत, आणि दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थीही आहेत. एका विद्यार्थ्याने एका वर्षात एका निवृत्त जुळारी कामगाराची मुलाखत घेऊन ती नीट मराठीत उतरवली, तरी आरंभाला तेवढे पुरे आहे.